पुढचा शब्द

नाटक कंपनीत त्यांना सगळे 'कुजबुजे' म्हणत. खरं आडनाव बहुधा पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं. काम प्रॉम्प्टरचं. नाटक चालू असताना विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता उघडी ठेवायची आणि रंगमंचावर कुणाची गाडी अडली की पुढचा शब्द हळूच सोडायचा. इतका हळू, की पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाऊ नये, आणि इतका स्वच्छ, की नटाच्या कानात नेमका पडावा. वाटतं तितकं हे सोपं नाही. नट मुद्दाम थांबलाय की विसरून थांबलाय, ते आधी ओळखावं लागतं. मुद्दाम थांबलेल्याला शब्द दिला तर तो नंतर विंगेत येऊन खायला उठतो, आणि विसरलेल्याला उशिरा दिला तर प्रेक्षक खोकायला लागतात. कुजबुज्यांना ते नटाच्या मानेवरून कळायचं. विसरलेल्या माणसाची आधी मान ताठ होते, डोळे मागाहून भिरभिरतात. इकडे मान ताठ झाली की तिकडे यांचा शब्द निघालाच. आपण स्टुलावर असताना रंगमंचावर नको ती शांतता कधी पडली नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

असा माणूस घरी मुलीचा अभ्यास घ्यायला बसला तर काय होईल, हे खरं म्हणजे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण घरातल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मुलीचं शाळेतलं नाव काहीही असो, घरात ती भिंगरी. एका जागी बसणं तिच्या अंगातच नव्हतं. उत्तरं म्हणतानासुद्धा ती कपाटापासून दारापर्यंत आणि दारापासून कपाटापर्यंत फेऱ्या घालायची. कुजबुजे पलंगाच्या कडेला पुस्तक घेऊन बसायचे. ती शाळेतून आल्यापासून ते थिएटरात जायला निघेपर्यंतचा मधला वेळ या दोघांचा होता. तेवढाच होता. प्रयोग आटपून ते घरी येत तेव्हा ती झोपलेली असे, आणि सकाळी ती शाळेत जाई तेव्हा ते झोपलेले असत. त्यामुळे कुजबुज्यांच्या लेखी दिवस म्हणजे तो मधला वेळ, बाकी सगळा नुसता पसारा.

"हं, पचनसंस्था," ते म्हणत.

"पचनसंस्थेचे मुख्य अवयव म्हणजे तोंड, अन्ननलिका, जठर..."

"लहान."

"लहान आतडं, मोठं आतडं. जठरात अन्न घुसळलं जातं आणि त्यात..."

"पाच."

"पाचक रस मिसळतात!"

असा धडा पाण्यासारखा वाहायचा. कुठे खळ नाही, कुठे अडथळा नाही. शेवटी ते पुस्तक फटकन मिटून म्हणत, "शाबास! घडाघडा येतंय की गं तुला!" आणि हे ते खोटं बोलत नसत. त्यांनी शब्द दिला हे त्यांना स्वतःलाच कळत नसे. श्वास घेतलेला माणसाला कुठे कळतो? तिलाही शब्द घेतलेला कळत नसे. आतून भिंगरीची आई ऐकायची आणि तिला बरं वाटायचं, की चला, बाप आणि लेक दोघंही कामात आहेत.

मग सातवीचा निकाल लागला. भिंगरी विज्ञानात नापास झाली होती.

सुट्टी संपता संपता फेरपरीक्षा होती, तीही तोंडी, दोन शिक्षकांसमोर. त्यात पास झाली तर आठवीत, नाही तर पुन्हा सातवी. आठवीचा वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. भिंगरीच्या सगळ्या मैत्रिणी जिना चढून वर जाणार आणि ही खाली, आपल्याहून लहान पोरांबरोबर, त्याच बाकावर, तीच पुस्तकं घेऊन बसणार. ती रडली असती तर एक वेळ परवडलं असतं. ती रडली नाही. फेऱ्या घालायची थांबली आणि पलंगावर बापाच्या शेजारी येऊन बसली.

"मला येत होतं बाबा. तिथे गेले की सगळं जातं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मी ढ आहे का?"

कुजबुज्यांनी तिला जवळ ओढलं. मग त्यांना राग आला, आणि तो अर्थातच शाळेवर आला. माझ्या कानांनी रोज ऐकतोय मी, पोरीला पुस्तकाच्या पुस्तक तोंडपाठ आहे, आणि ही माणसं तिला नापास करतात? ते दुसऱ्याच दिवशी भिंगरीला घेऊन तरातरा शाळेत गेले.

विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत काचेची भांडी पुसून कपाटात ठेवत होत्या. सुट्टी असल्यामुळे सगळी शाळा रिकामी होती. कुजबुज्यांनी रस्त्यात जुळवून ठेवलेलं भाषण सुरू केलं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं, हातातलं भांडं ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"आत्ता विचारू तिला काहीतरी?"

"विचारा की! काहीही विचारा!"

"रक्ताभिसरण सांग गं."

भिंगरी टेबलापुढे उभी राहिली. कुजबुजे बाईंच्या बाजूला, कपाटाला टेकून. भिंगरीनं सुरुवात केली आणि गाडी अशी सुटली, की विचारू नका. हृदयाचे कप्पे झाले, धमन्या झाल्या, शिरा झाल्या. कुजबुज्यांची छाती फुगत चालली. बाई मात्र मुलीकडे बघतच नव्हत्या. त्या मान वळवून कुजबुज्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा खिडकीकडे तोंड करून उभे राहता का?"

त्यांना कारण कळलं नाही, पण ते वळले. बाहेर मोकळं मैदान होतं. एक माळी नळीनं झाडांना पाणी घालत होता.

"हं, पुढे सांग. रक्त उलटं का वाहत नाही?"

"कारण हृदयात..." भिंगरी म्हणाली. "हृदयात कप्प्यांच्या मधे..."

आणि थांबली. मागे शांतता पसरली. कुजबुज्यांना मुलीची मान दिसत नव्हती, पण ती कशी झाली असेल हे दिसायची गरज नव्हती. माळ्यानं नळी दुसऱ्या झाडाकडे नेली. शांतता हलेना. शेवटी खिडकीकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या सद्गृहस्थांच्या तोंडून, त्यांच्या मनात नसताना, स्वच्छ आणि हळू शब्द निघाला, "झडपा."

"झडपा असतात!" भिंगरी लगेच म्हणाली. "त्या एकाच दिशेला उघडतात, त्यामुळे रक्त उलट जाऊ शकत नाही."

बाई खो खो हसल्या. कुजबुजे वळले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चोरी करताना माणूस रंगेहाथ सापडावा तसं त्यांना झालं, फरक एवढाच की आपण चोर आहोत ही बातमी त्यांना स्वतःलाही तेव्हाच कळली होती.

"अर्धं हिला येतं," बाई हसू आवरत म्हणाल्या, "आणि उरलेलं अर्धं तुम्हाला येतं. पण परीक्षेला ती एकटीच बसते हो."

"म्हणजे अडलेल्याला शब्द द्यायचाच नाही?" कुजबुजे म्हणाले. "बाई, आमच्या धंद्यात याला पाप म्हणतात."

"तुमच्या नटाला त्या वेळेपुरतं नाटक पार पाडायचं असतं. हिला शिकायचंय. शब्द आपल्याच डोक्यातून ओढून काढावा लागतो. वेळ लागतो, त्रास होतो, आणि त्या त्रासानंच तो पक्का बसतो. आयता हातात पडलेला राहत नाही."

मग बाईंनी सांगितलं ते असं, की धडा समजून घेऊन वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. अडलं तर थांबायचं. अगदीच नाही आलं तर पुस्तक उघडून बघायचं आणि पुन्हा मिटायचं. आणि एकच धडा एका बैठकीत घोकत बसायचं नाही. मधे दुसरं काहीतरी करायचं, दोनतीन दिवस जाऊ द्यायचे आणि मग तोच धडा पुन्हा काढायचा. "लगेच म्हटलं की सगळ्यांनाच वाटतं, येतंय म्हणून," बाई म्हणाल्या. "थोडं विसरल्यावर आठवलं, तर ते खरं."

घरी येताना भिंगरी म्हणाली, "बाबा, म्हणजे मी ढ नाहीये ना?" कुजबुज्यांनी तिचा हात धरला. बोलले काही नाहीत. तेवढा एक दिवस त्यांना गप्प बसणं जमलं.

भिंगरीची आई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. सगळी हकिकत ऐकून ती हसून हसून खालीच बसली. "अहो, दवाखान्यात मी लोकांना तोंड उघडा म्हणून विनवते," ती म्हणाली, "आणि आता घरी येऊन तोंड बंद करा म्हणायची वेळ आली का माझ्यावर!" पण हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि नवऱ्याला बजावलं, "हे बघा, पोरीचं वर्ष आहे. सवय मोडा."

सवय मोडा! म्हणायला काय जातं. जित्याची खोड ती, अशी सांगितल्याबरोबर कुठे जाते?

पहिल्या दिवशी त्यांनी तोंडावर रुमाल धरला. भिंगरी अडली की रुमालावरच्या भुवया वर जायच्या, आणि चुकली की खाली यायच्या. भिंगरीनं दोन दिवसांत भुवया वाचायला शिकून घेतल्या. मग ते तिच्या मागे बसायला लागले, तर ती त्यांचा श्वास ऐकायला लागली. चुकीच्या वाटेला लागली की मागे नाकातून हवा जायची आणि ही लगेच, "नाही नाही, उजव्या कप्प्यात," म्हणून रूळ बदलायची. पोरगी ढ नव्हती, हे एव्हाना आईलाही पटलं. इतक्या शिताफीनं बापाला वाचणारी पोर विज्ञानाचा धडा का वाचू शकणार नाही?

शेवटी आईनं दवाखान्यातला उपाय काढला. "तोंडात पाणी धरून बसा," ती म्हणाली. "गुळणीला धरतात तसं." कुजबुजे गाल फुगवून बसले. भिंगरी 'ऑक्सिजन'वर अडली. कुजबुज्यांनी डोळे मिटले, उघडले, पलंगाची कड घट्ट धरली, आणि मग सगळं पाणी घटकन गिळून म्हणाले, "ऑक्सि!" आणि त्यांना असा ठसका लागला, की आईला धावत येऊन पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. भिंगरी हसत सुटली. त्या दिवशीचा अभ्यास तिथेच संपला.

हसण्यात दिवस जात होते आणि फेरपरीक्षा जवळ येत होती. भिंगरीला अजून एकही धडा एकटीनं शेवटपर्यंत नेता येत नव्हता. पुस्तक मिटून ती सुरुवात करी, चार वाक्यं नीट जात आणि मग ती सवयीनं बापाकडे बघत उभी राही. कुजबुज्यांच्या जिवाला घोर लागला. आपली पोर खालच्या मजल्यावर त्याच बाकावर बसली आहे, असं त्यांना प्रयोग चालू असतानाही दिसायला लागलं. आणि हे आपण केलंय, प्रेमानं केलंय, रोज नेमानं केलंय, ही टोचणी त्याहून मोठी होती.

मग तो हिमोग्लोबिनचा दिवस आला.

भिंगरी रक्ताचा धडा सांगत होती. "तांबड्या पेशींमध्ये एक पदार्थ असतो," ती म्हणाली. "त्याच्यामुळे रक्त लाल दिसतं. त्याचं नाव..." आणि थांबली. कुजबुजे समोर बसले होते. शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसला होता, नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी मनातल्या मनात एका जुन्या नाटकाचं पहिलं पान म्हणायला सुरुवात केली. पडदा वर जातो, दिवाणखाना, वकीलसाहेब येरझाऱ्या घालताहेत, नोकर येतो. डोक्यात वकीलसाहेब बोलत असले म्हणजे हिमोग्लोबिनला बाहेर यायला वाटच नव्हती.

"बाबा, सांगा ना," भिंगरी म्हणाली.

नोकर म्हणतो, साहेब, पाहुणे आलेत.

"फक्त पहिलं अक्षर! एकच! मग मी सांगते ना सगळं!"

कुजबुज्यांनी मान हलवली. "नाही."

"त्या नाटकातल्या सगळ्या लोकांना देता," भिंगरी ओरडली, आणि आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, "रोज देता! मोठ्या मोठ्या माणसांना देता! मलाच नाही देत!"

वकीलसाहेब, नोकर, पाहुणे सगळे एकदम पळून गेले. कुजबुज्यांना इतकं वाईट वाटलं, की क्षणभर वाटलं, मरो ती परीक्षा, देऊन टाकावा शब्द, काय एवढं सोनं लागलंय त्याला? आतून भांड्यांचा आवाज बंद झाला होता. आईसुद्धा ऐकत होती.

"तुला येतं," कुजबुजे म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच नवा वाटला. कुजबुजीची सवय झालेला तो आवाज जरा मोठाच लागला होता. "मी थांबतो. तू हवा तेवढा वेळ घे."

भिंगरीनं पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नाक ओढलं. मग माठाकडे जाऊन पाणी प्यायली. मग पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या, कपाट ते दार, दार ते कपाट, पाय आपटत. "हायड्रो," ती स्वतःशीच म्हणाली. "नाही, तो वायू. हेलि... तो फुग्यातला. ह आहे पण. आणि लोखंड असतं त्याच्यात, बाई म्हणाल्या होत्या. हे... हि... गोल गोल काहीतरी होतं..." आणि दाराशी एकदम थांबली.

"हिमोग्लोबिन!"

कुजबुजे उठलेच. काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. आई हातात ओलं पातेलं घेऊन दारात आली. भिंगरी मात्र हसली नाही. अजून रागातच होती. "हा आता कुठे जात नाही," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य सांगायला लागली.

तीन दिवसांनी तोच धडा पुन्हा काढला, तेव्हा हिमोग्लोबिन विचारायच्या आधीच आलं. त्या दिवसानंतर गाडी हळूहळू रुळावर आली. हळूहळू म्हणजे खरोखर हळू. पूर्वी ज्या वेळात तीन धडे व्हायचे, त्या वेळात आता अर्धा व्हायचा. पूर्वीचा धडा ऐकायला गोड होता, आताचा ऐकवत नसे. सगळा खाचखळग्यांचा रस्ता. थांबणं, चुकणं, माघारी येणं, पुस्तक उघडून बघणं, कपाळावर हात मारून घेणं, पुन्हा मिटणं. पण अडल्यावर बापाकडे बघायची तिची सवय सुटली. ती आता छताकडे बघायची. कुजबुज्यांना यात आनंद होता हे तर खरंच, पण छताचा थोडा हेवाही वाटला. आपण माणूस आहोत, वाटणारच.

या सगळ्याचा त्रास झाला तो अण्णांना. अण्णा म्हणजे कंपनीतले नायक. केस पांढरे झाले होते, पण अजून नायकच होते. नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या होत्या. एका प्रवेशात अण्णा खिडकीपाशी जाऊन थांबले. मान ताठ झाली. आणि विंगेतून शब्द येईना. कुजबुजे स्टुलावर बसून प्रेमळ नजरेनं त्यांच्याकडे बघत होते. तुम्हाला येतं, हवा तेवढा वेळ घ्या.

"अरे कुजबुजे!" अण्णा गरजले. "झोपलात का?"

सगळी तालीम हसली. कुजबुज्यांनी जीभ चावली आणि शब्द दिला. पुढच्या तालमींत त्यांनी काळजी घेतली. घरचा बाप घरी आणि विंगेतला प्रॉम्प्टर विंगेत, अशी त्यांनी स्वतःची वाटणी करून टाकली. माणसानं सवय मोडावी, पण पोटावर पाय आणून मोडू नये.

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आणि फेरपरीक्षा नेमकी एकाच आठवड्यात आली. दिग्दर्शकानं तालीम दिवसभर लावली. कुजबुजे सकाळीच थिएटरात जायचे. मधला वेळ बुडाला. वनस्पतींचे धडे अजून राहिले होते. त्यांनी रजा मागायचं मनात आणलं, तर भिंगरीच म्हणाली, "जा तुम्ही. मी करते माझं." ती एकटीनं करायला लागली. आई सांगायची, दार लोटून आत काहीतरी बडबड चालते, मग शांत होतं, मग एकदम पाय आपटल्याचा आवाज येतो. "काय करते ते नीट बघ तरी," कुजबुजे म्हणाले. आई म्हणाली, "मुळीच बघणार नाही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते चहा घेत असताना भिंगरी समोर येऊन उभी राहिली. "बाबा, उद्या तुम्ही शाळेत येऊ नका."

"आत नाही येत गं. बाहेर व्हरांड्यात बसतो."

"बाहेरही नको. तुम्ही बाहेर आहात हे मला कळतं ना. मग मी ऐकत बसते."

कुजबुज्यांनी चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता. "बरं," ते म्हणाले. तिचं बरोबर होतं, आणि बरोबर असूनही ते लागायचं तिथे लागलं.

परीक्षेच्या दिवशी ते तालमीला गेले. हाताला काम होतं म्हणून दिवस निघाला. अण्णांनी चार ठिकाणी मान ताठ केली, चारही ठिकाणी शब्द वेळेवर गेला. पण संहितेच्या पानांवर त्यांना टेबल दिसत होतं, टेबलामागे दोन शिक्षक दिसत होते, आणि मधे उभी राहिलेली मुलगी. आत्ता अडली असेल. आत्ता छताकडे बघत असेल. त्या खोलीचं छत कसं आहे, कुणास ठाऊक.

दुपारी तालीम सुटली, सगळे जेवायला गेले. कुजबुजे प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसून राहिले. डबा तसाच होता. मागचं दार उघडलं आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं भिंगरी चालत आली. पळत नव्हती. चालत येत होती, त्यामुळे त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते उठले.

"पास," ती म्हणाली.

"पास?"

"बाई म्हणाल्या, आठवीच्या वर्गात बसायला ये."

कुजबुजे मटकन खाली बसले. मग त्यांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवून रडले. रिकामं थिएटर होतं, बघायला कुणी नव्हतं. असतं तरी रडले असते.

"अगं, पण पळत का नाही आलीस मग? माझा जीव गेला असता!"

"दमले," भिंगरी म्हणाली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. डबा उघडला आणि त्यांच्या आधी खायला लागली. "एका प्रश्नाला खूप अडले. खूपच. दुसरे सर होते ना, ते म्हणाले, राहू दे, पुढचा प्रश्न विचारू का? मी म्हटलं, थांबा, येतंय."

"असं म्हणालीस? सरांना?"

"हो मग. येतच होतं. तर ते थांबले. कुणीच काही बोललं नाही. मग आलं."

"कोणता शब्द?" कुजबुज्यांनी विचारलं. तो शब्द तिला सापडायच्या आत आपल्याला सापडला असता, हे गृहीत धरूनच त्यांनी विचारलं होतं.

"बाष्पोत्सर्जन."

त्यांनी मनात चाचपून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. हा धडा त्यांनी घेतला नव्हता, हे पान त्यांनी उघडलंही नव्हतं. आज ते त्या खोलीत असते, अगदी तिच्या कानाशी लागून उभे असते, तरी त्यांच्याकडे देण्यासारखं काही नसतं. मुलीच्या डोक्यात आता अशी एक खोली होती, जिथे ते कधी गेले नव्हते. त्यांना अतिशय आनंद झाला आणि त्याच वेळी जरासं पोरकंही वाटलं.

"म्हणजे काय गं ते?"

भिंगरीनं घास गिळला, बोटं चाटली आणि उठून उभी राहिली. बसून तिला सांगता येत नसे. पहिल्या रांगेपुढच्या मोकळ्या जागेत तिनं फेऱ्या सुरू केल्या. "झाड मुळांनी पाणी घेतं ना, त्यातलं खूपसं पानांतून वाफ होऊन बाहेर जातं."

"जातं? मग झाड वाळत नाही?"

"तेच तर! वरचं पाणी निघून गेलं की खालचं आपोआप वर ओढलं जातं. म्हणून इतक्या उंच शेंड्यापर्यंत पाणी चढतं. कुणी ढकलत नाही त्याला. आणि पानांवर ना, बाहेर जायला बारीक बारीक भोकं असतात, दिसत नाहीत इतकी बारीक. त्यांना म्हणतात..."

ती थांबली. कुजबुजे खुर्चीत पुढे सरकून बसले. काय म्हणत असतील बरं? त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि ते ऐकायची त्यांना फार उत्सुकता लागली होती.